अंजनीखालची ओल

१६ फेब्रुवारी

ही वही मनालीताईने दिली. म्हणाली, "बंटी, आई गेल्यापासून तू कोणाशी धड बोलत नाहीस. निदान लिही तरी." ताई सापगावला दिलेली आहे, तिथे शाळेत शिकवते. तिला वाटतं लिहिलं की सगळं सुटतं. मी बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, तरी लिहून बघतो.

आज आईची राख घरामागे खड्ड्यात ठेवली. नदीत सोडायची नाही हे बाबांनी आधीच सांगितलं होतं. वर झाड लावायचं ठरलं. बौद्धाचार्य म्हणाले, "बाळाराम, पिंपळ लावा. नाहीतर आंबा तरी." बाबा रेल्वेत गँगमन होते, सगळा जन्म रुळांवर एकट्याने चाललेला माणूस, बोलणं मुळातच कमी. ते एवढंच म्हणाले, "नाय. तिला अंजनी पायजे होती."

खरी गोष्ट आहे. आमच्या गावावरून खर्डीच्या जंगलात जाणाऱ्या वाटेवर एक अंजनी आहे. झुडूपच, माझ्यापेक्षा थोडं उंच. याच दिवसांत तिच्या फांद्यांना जांभळी-निळी फुलं लागतात, पानांच्या खाली, थेट लाकडाला चिकटून. आई लाकडं आणायला गेली की मोळी तिथेच उतरवायची. मी लहान असताना मला म्हणालेली, "मी मेले ना, की मला हिच्याखाली टाका." बाबा म्हणाले होते, "एवढ्या लांब कोण येणार तुला बघायला? हिलाच घरी आणू." दोघं हसली होती.

मग मी आणि भगीरथ सकाळी जाऊन एक गुडघाभर रोप उपटून आणलं. भगीरथ वरच्या पाड्यावरचा माझा दोस्त, जंगलातलं काय काय विकतो. मूळ तुटताना कट् असा आवाज आला. भगीरथ म्हणाला, "गेली रे." मी म्हटलं, "गप."

जागा फणसाखाली, आईचा भांडी घासायचा दगड आहे तिथे. ऊन म्हणून येतच नाही. ताईने विचारलं, इथे काय जगणार? पण अंजनीला सावलीच लागते. खड्ड्यात राख, राखेत रोप. बाबांनी आईच्या पितळी तांब्याने पाणी घातलं. तांब्या मग धुऊन माठावर पालथा ठेवला, आई ठेवायची तसा.

लडाखहून माझ्या दोस्ताचा, रघूचा फोन आला होता. मेपासून टुरिस्टांच्या कॅम्पवर माणसं पाहिजेत म्हणे. झाड लागलं की निघतो.

२५ फेब्रुवारी

पानं वाळली. हिरवी असतानाच वाळली, हातात घेतली की पापडासारखी मोडतात.

आज शहापूरला एक माणूस बघितला, सायकलवर सगळा संसार, कुठल्या भाषेत बोलत होता देव जाणे. त्याच्या मागे मोटरसायकलने किन्हवलीच्या फाट्यापर्यंत गेलो. त्याला चहा पाजला. त्याने मला त्याची घंटी वाजवू दिली. बाबांची औषधं आणायला गेलो होतो, ती राहिलीच.

३ मार्च

रोप मेलं. भगीरथने उकरून बघितलं. मुळांची टोकं भाजल्यासारखी झालेली.

"राखेत कोण झाड लावतं रे?" तो म्हणाला. "आमी राख शेतात पसरतो, पातळ. मुळाला ओतत नाय. चुन्यासारखी लागते ती."

"मग तेव्हा का नाय बोललास?"

"तुझी आई होती ती. मी काय बोलणार?"

मी म्हटलं, राख काढून मातीत मिसळू. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "ती हलणार नाय. खूप हलवली तिला. खर्डी, शहापूर, कळवा. आता नाय."

कळव्याच्या दवाखान्यात शेवटचे दिवस पाणी मोजून द्यायचे. किडनीमुळे. बाटलीच्या झाकणाने. जाऊ दे. ते लिहायला नव्हतो बसलो.

भगीरथने तोड काढली. नवं रोप राखेपासून हातभर बाजूला लावायचं. मुळं वाढतील तशी जातील आईकडे. "तिला घाई आहे का?" तो म्हणाला. बाबा म्हणाले, "नाय. तिला कसली घाई?"

९ मार्च

जंगलातून उपटलेलं जगत नाही, म्हणून टोकावड्याला गेलो. तिथे एका ढाब्यावर मी मागे दोन महिने काम केलं होतं, शेजारी प्रेमाबाईंची नर्सरी आहे. सरळगावपर्यंत गाडी बरी चालली, पुढे चेन उतरली. ती बसवेपर्यंत एका पोराकडून गोट्यांचा डाव हरलो.

प्रेमाबाई हसल्या. "अंजनी? आजपर्यंत कोणी मागितली नाय. लोक चिकू मागतात." पण मागच्या बाजूला तीन पिशव्या होत्या. वीतभर रोपं, पानं जाड आणि चकचकीत.

"घरी पाणी हाय का?" त्यांनी विचारलं.

"एप्रिलमध्ये टँकर येतो."

"मग चांगलं. हिला जास्त पाणी नको. सावली दे, पाला टाक बुडाशी, आणि आठवड्याला एक तांब्या. तेवढाच. पाय भिजलेले हिला चालत नाय. आणि वाढ बघत बसू नको, म्हातारा होशील."

पैसे घेतले नाहीत. आईसाठी म्हटल्यावर त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी दिली. मी निघताना परत ओरडल्या, "एकच तांब्या हां!"

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळत नाही. आईच्या फोटोसमोरची मेणबत्ती सरळ करत होते.

१० मार्च

लावली. राखेपासून हातभर. भगीरथने फणसाचा पाला टाकला. बाबा दगडावर बसून राहिले. आई बसायची त्या दगडावर त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

२२ मार्च

आठवड्याला एक हे मला जमत नाही. खोटं कशाला लिहू? दुपारी इतकं तापतं की पत्रा टकटक वाजतो, आणि मला वाटतं तिला तहान लागली असेल. तिला म्हणजे रोपाला. म्हणून चार दिवसांनी एक घालतो. संध्याकाळी, बाबा पारावर जाऊन बसतात तेव्हा. त्यांना कळलं तर म्हणतील, बाई सांगत होती ते ऐकलं नाहीस.

२ एप्रिल

नवी पानं! दोन, समोरासमोर, तांबूस रंगाची. मी ताईला फोटो पाठवला. तिने रडायचा चेहरा पाठवला आणि मग फोन करून खरंच रडली. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "बघितली मी सकाळी." सकाळी कधी बघितली? मी उठतो तेव्हा ते दात घासून, चहा पिऊन, वर्तमानपत्र उलटसुलट करून बसलेले असतात.

रघूला सांगितलं, पंधरा मेपर्यंत येतो. आता रोज थोडंसं पाणी घालतो. नवी पानं आली की लागत असेल जास्त. बाळंतिणीला नाही का जास्त खायला देत?

११ एप्रिल

आईचा तांब्या सापडत नाही. माठावर नाही, मोरीत नाही, मांडणीवर नाही. मी रोज घालतो ते प्लास्टिकच्या मगाने, त्यामुळे लक्षातच आलं नाही कधी गेला. बाबांना विचारलं. म्हणाले, "मनाली घेऊन गेली असेल. आठवण म्हणून."

ताईला फोन केला. जरा चढूनच बोललो, की विचारून न्यायचा होतास. ती म्हणाली, "मी आईची एक सुई पण नेली नाय, बंटी. तुमच्या दोघांकडे काहीतरी राहू दे म्हणून." आणि फोन ठेवला.

मग कोणी नेला? पितळेला भाव आहे हल्ली.

१५ एप्रिल

काल जयंती. डीजे आमच्याच गावातल्या भिमाचा होता, मी त्याच्याबरोबर रात्रभर टेम्पोवर वायरी धरून. दरवर्षी आई पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत असायची आणि मी नाचताना दिसलो की मान हलवायची, म्हणजे पुरे आता. काल कोणी मान हलवली नाही, म्हणून मी थांबलोच नाही. पाय सुजलेत.

बाबा मिरवणुकीत पांढरा शर्ट घालून आले. पण पँट खाली चिखलाने माखलेली. एप्रिलमध्ये चिखल! ताईने त्यांना बाजूला घेऊन चिखल पुसला. हल्ली आंघोळीलाही अर्धीच बादली घेतात. ताई म्हणते, म्हातारी माणसं अशी होतात बायको गेली की. त्यांच्याकडे बघ. मी कसा बघू? मला माझंच बघवत नाही.

२६ एप्रिल

दहा-अकरा दिवस वहीला हात नाही. पुण्याची ट्रेकवाली पोरं भेटली, त्यांना माळशेजच्या वरच्या कड्यांवर घेऊन गेलो. एकदा वाटही चुकवली, पण त्यांना वाटलं तसाच रस्ता असतो. वर अंजनी दिसल्या, पुष्कळ, कातळाच्या सावलीत. पाण्याचा थेंब नाही आसपास. फळं धरलेली, हिरवी, मिरीएवढी. मी पोरांना म्हटलं, ही माझ्या आईची झाडं. पोरं म्हणाली, "सो क्यूट."

परत येताना सगळ्या वाटेवर एकच भीती. इतके दिवस पाणी नाही, वाळली असणार. बॅग टाकून आधी मागे गेलो. पाला बाजूला करून बोट घातलं. माती ओली! पहिल्या पेरापर्यंत बोट गार.

म्हणजे ही जागाच ओलीची आहे. आईने भांडी घासायला जागा बरोबर निवडली होती. तरी आल्यासारखा एक मग घातला.

३० एप्रिल

टँकर. बायकांची भांडणं, हंडे, पाईप. भिमीकाकू आमच्या शेजारची, आईची जिवाची मैत्रीण. ती हंडा डोक्यावर घेत सगळ्यांसमोर म्हणाली, "गावाला प्यायला नाय, आणि यांच्या फणसाखाली बेडूक बसतील असा चिखल."

मला तेव्हा डोक्यात आलं. ओल कुठून येते? हिच्याच मोरीतून! तिची मोरी आमच्या कुंपणाला लागून आहे. म्हणजे साबणाचं पाणी अंजनीला जातं. मी तिच्या दारात जाऊन बोललो, नको तेवढं बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझ्या मोरीत पाणी टाकायला आधी ते असायला पायजे ना रे. जा, मोरी बघून ये."

मोरी कोरडी होती. फरशीला भेगा होत्या.

मी परत वळलो तेव्हा ती मागून म्हणाली, "बंटी, लवकर उठत जा बाबा जरा."

म्हातारी माणसं कसाही उपदेश करतात. भांडण पाण्याचं, आणि ही माझ्या झोपेवर.

८ मे

खालचं पान पिवळं. वरची दोन्ही लोंबली. ऊन लागलं असणार, पण ऊन येतच नाही. तहानेने तशी होतात पानं. दोन मग घातले. रघूला फोन केला की पंधराला नाही जमत, वीस धर. तो म्हणाला, "झाडासाठी कोण थांबतं यार?"

१३ मे

सगळी पानं गळली. मी बोटाने बुंध्याची साल खरवडली. आत हिरवं नाही. बाबांना सांगितलं नाही. तेही दिवसभर मागे गेले नाहीत.

१४ मे

झोप लागेना म्हणून लवकर उठलो. उजाडत होतं. ठरवलं की बाबा उठायच्या आत काढून टाकायची. त्यांना दुसऱ्यांदा बघायला नको.

ओढायलाही लागलं नाही. हात लावला तशी वर आली. मुळं काळी, बुळबुळीत, गटारासारखा वास. खड्ड्यात बोटभर पाणी साचलेलं. मी तिथेच बसलो, आणि बसल्यावर फणसाच्या मोठ्या मुळामागे काहीतरी चमकलं. आईचा तांब्या. पालथा ठेवलेला. उचलला तर आतून ओला.

मागे बाबा उभे होते. खांद्यावर टॉवेल, पाय अनवाणी. हातात कळशी, अर्धी भरलेली. लपवली नाही त्यांनी.

"तुमी?"

"एकच तांब्या," बाबा म्हणाले.

"रोज?"

"सकाळी. तू झोपलेला असायचास. माझ्या आंघोळीतलं होतं, तुझ्या वाटचं नाय घेतलं कधी." मग म्हणाले, "काल लय सुकलेली दिसली. म्हणून आज दोन आणलं."

मी मेलेलं रोप हातात धरून होतो. म्हटलं, "बाबा, मी पण घालत होतो. संध्याकाळी. तुमी पारावर गेलात की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. खरंच हसले, पोट हलेपर्यंत. "म्हणजे दोघांनी मिळून बुडवली की रे तिला." हसता हसता दगडावर बसले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी बाबांना असं कधी बघितलं नव्हतं. आईला अग्नी दिला तेव्हाही नाही.

"शेवटी पाणी मागत होती," ते म्हणाले. "एक घोट द्या, म्हणायची. मला, तुला, नर्सला. मी नाय दिलं."

"डॉक्टरांनी सांगितलेलं, बाबा."

"हो. डॉक्टरांनीच सांगितलेलं."

"मी पण नाय दिलं."

"हो."

कळशीतलं पाणी तसंच होतं. दोघांनाही ते कुठे ओतावं कळेना. कुंपणापलीकडे भिमीकाकू उठलेली होती. ती आली, आमच्या हातातून कळशी घेतली आणि घेऊन गेली. थोड्या वेळाने त्याच पाण्याचा चहा आणून दिला.

१५ मे

ताईची माफी मागितली. तांब्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "झाकणाने पाणी द्यायची पाळी माझी पण असायची, बंटी." मला हे लक्षातच नव्हतं.

रघूने दुसरा माणूस घेतला.

१ जून

बाबा, मी आणि भगीरथ जंगलातल्या अंजनीकडे गेलो. फळं पिकून काळी-जांभळी झालेली. भगीरथ म्हणाला, रोप नको, पिशवी नको. ताजं फळ खायचं, बी तिथेच टाकायचं, वर पाला सारायचा आणि घरी जाऊन झोपायचं. "तिला तुमची गरज नाय," तो म्हणाला. मग बाबांकडे बघून गडबडला, "म्हणजे झाडाला, काका."

फळं रुमालात बांधून आणली. फणसाखाली आईच्या भोवतीने बसून आम्ही ती खाल्ली. गोड कमी, तुरट जास्त. बिया थुंकत होतो. ताई आली होती, तिनेही थुंकल्या, मास्तरीण असून. सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. आईची अशी जीभ मला आठवते, मोळी घेऊन आली की दाखवायची.

बाबा आईच्या राखेकडे बघून म्हणाले, "आता पाऊस घालील तेवढं. आमी नाय."

२८ सप्टेंबर

जगणं चालू आहे. शहापूरला टेम्पो चालवला, सोडला. वाड्याला गोडाऊनमध्ये लागलो, सोडलं. घरी आलो की मागे जातो. गवतच गवत. भगीरथला बोलावलं. तो गुडघ्यांवर बसून हाताने गवत चाचपत गेला आणि एका जागी थांबला. दोन जाडसर पानं, नखाएवढी. बाकी बियांचं काही नाही.

"अंजनीच," तो म्हणाला. मग, "बहुतेक."

बाबांनी भोवती चार काटक्या लावल्या. लांब लावल्या, जवळ जायचा मोह नको म्हणून.

२ नोव्हेंबर

पाऊस संपला. माती भेगाळायला लागली. दोन पानांची चार झालीत, पण दुपारी ती जरा खाली झुकतात. भगीरथ म्हणतो, झुकू दे. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. खरंच राहतात. पण दुपार ते संध्याकाळ हा वेळ घरात दोघांना काढता येत नाही. काल मी भांडी विसळलेलं पाणी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलो, तर बाबांनी हात धरला. आज बाबा माठापाशी उभे होते, तर मी धरला. मग आम्ही पत्ते काढले. मला पत्ते येत नाहीत, त्यांनाही येत नाहीत.

९ नोव्हेंबर

निघालो. लडाख नाही, आता तिकडे बर्फ. रघू गोव्याला गेलाय, तिथे काहीतरी आहे म्हणे. बाबांनी दोनदा विचारलं की काहीतरी म्हणजे काय. मी म्हटलं, गेल्यावर कळेल. ते म्हणाले, "तुझ्या आईला पण असंच सांगायचास."

बॅग भरताना त्यांनी तांब्या आणून वर ठेवला.

"हा कशाला, बाबा? आईचा आहे."

"म्हणूनच. घेऊन जा. इथं राहिला तर माझा हात राहणार नाय."

"बादली आहे, कळशी आहे. घालायचं असलं तर कशानेपण घालाल."

"त्यांनी नाय घालणार," बाबा म्हणाले. "तिला ह्यानेच पाणी दिलं असतं मी."

भिमीकाकूला सांगून आलो, लक्ष ठेव. तिने विचारलं, रोपावर की बाळारामवर? मी म्हटलं, दोघांवर. मागे जाऊन बघितलं. दुपार होती. पानं झुकलेली होती. मी थांबलो नाही.

खर्डीला गाडीला वेळ होता. नळाला पाणी होतं. बाटली होती तरी तांब्या काढला, भरला. काठोकाठ भरला आणि हातात धरून वळलो, उजव्या हाताला, जशी घरी मागच्या दारी वळायची सवय लागलेली. समोर रूळ होते. तांब्या धरून तसाच उभा राहिलो. एक म्हातारी बाकावरून म्हणाली, "बाळा, प्यायचं असलं तर पी, नाय तर मला दे."

तिला दिला. ती घटाघटा सगळा प्यायली, मोजून नाही, आणि रिकामा करून पालथा माझ्या हातात ठेवला.